मूठ उघडेपर्यंत

माझा आवाज मोठा आहे हे मला कुणी नव्यानं सांगायला नको. खोलीभर चिल्लीपिल्ली एकाच वेळी नाक पुसून मागायला, बूट उलटे घालायला आणि एकमेकांच्या झिंज्या ओढायला लागली की कुजबुजून भागत नाही. बालवर्गात आवाज लागतो आणि वेग लागतो. एकाला चमचा दाखवून विचारायचं, "हे काय आहे रे?" आणि त्यानं आ करायच्या आत "चमचा! शाब्बास!" म्हणून पुढच्याकडे वळायचं. नाहीतर तोवर पुढचा तोच चमचा शेजारच्याच्या कानात घालून मोकळा होतो.

आणि तरीही गेल्या वर्षभरात माझं नाव झालं ते गोड आणि सावकाश बोलण्याबद्दल. आता बोला!

झालं असं, की आमच्या संस्थेनं एक वेबसाइट सुरू केली. बालवर्ग चालवणाऱ्या ताया आणि घरचे आईबाप, दोघांसाठी. गोष्टी, गाणी, घरातल्या डब्याचमच्यांनी खेळायचे खेळ, मुलांशी कसं बोलावं याचे छोटे व्हिडिओ. कॅमेऱ्यासमोर कोण बोलेल म्हणून मोठ्या बाईंनी विचारलं, तेव्हा बाकीच्या ताया जमिनीवर काहीतरी सांडल्यासारख्या खाली बघायला लागल्या. मी म्हटलं, मी करते. त्यात काय एवढं?

होतं, बरंच काही होतं. वेबसाइटवाल्यांची एक अट होती. प्रश्न विचारला की थांबायचं. पलीकडे मूल बसलंय, त्याला ऐकायला, शोधायला, जुळवायला वेळ लागतो, तेवढा द्यायचा. मला ते जमेना. नवरा स्वयंपाकघरातल्या टेबलासमोर फोन लावून उभा, आणि मी एका दमात "डब्यात काय आहे बरं चमचा शाब्बास!" म्हणून मोकळी. माझं तीन-चारदा असं झाल्यावर तो वैतागला.

"अगं, तू मुलाला विचारतेयस की उत्तरपत्रिका वाचून दाखवतेयस?"

मग त्यानंच शक्कल लढवली. माझा प्रश्न संपला की फोनच्या मागून तो मूठ वर धरणार. मूठ मिटलेली आहे तोवर मी ब्र काढायचा नाही. नुसतं हसायचं, मान जराशी कलती करायची, ऐकल्यासारखं करायचं. मूठ उघडली की "शाब्बास!" आमच्या संसारात मी गप्प बसते ती तेवढ्यातच, म्हणून हा मुद्दाम मूठ लांबवतो असा माझा अजून संशय आहे. काचांवर दिवा चमकतो म्हणून चष्माही काढायला लावायचा. चष्म्याशिवाय मला समोरची भिंत आणि नवरा यांतला फरक कळत नाही, तेव्हा मी इतकी प्रेमानं बघते ते कुणाकडे, देव जाणे.

पण लोकांना आवडलं. सकाळी फाटकाशी आया थांबवून सांगायच्या, "ताई, तुमच्याइतका धीर आम्हाला कुठून यायचा हो!" मी मान वेळावून हसायची. येतो हळूहळू, म्हणायची. पोरांना मात्र ती फोनमधली बिनचष्म्याची ताई म्हणजे मीच, हे काही केल्या पटेना. एका कार्ट्यानं तर तोंडावर सांगितलं, "ती तुमची बहीण असेल. ती चांगली आहे." मी पोट धरून हसले. घरी येऊन नवऱ्यालाही सांगितलं. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं होतं.

तर या वर्गात एक मुलगी. बाप तिला ठकी म्हणतो, म्हणून आम्हीही ठकीच म्हणतो. बाप फ्रिज दुरुस्त करतो, आई दवाखान्यात पाळ्यांवर काम करते, त्यामुळे पोचवायला आणि न्यायला बहुतेकदा बापच. ठकीला सगळं यायचं. स्वतःचे बूट स्वतः घालायची, आणि मग शेजारच्याचेही. ठोकळे रंगांप्रमाणे लावायची. पण वर्ष संपत आलं तरी तिच्या तोंडून मी एक शब्द ऐकला नव्हता. विचारलं की माझ्याकडे टक लावून बघायची, ओठ जरासे हलायचे, आणि बस्स. मीच उत्तर देऊन पुढे जायची. दुसरं करणार काय?

पालकांची बैठक झाली तेव्हा मी रंगात होते. आदल्याच आठवड्यात माझा एक व्हिडिओ खूप जणांनी पाहिला होता, मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं. खोलीत पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. एकेकाचं सांगत सांगत मी ठकीपाशी आले.

"ठकीला यंदा मोठ्या गटात पाठवता येणार नाही. बोलत नाही ती. एक अक्षर नाही. घरी मोबाईल देता का?"

फ्रिजवाला चुळबुळला. मोठ्ठा, रुंद माणूस, त्या खुर्चीत मावत नव्हता. "थोडासाच देतो, ताई. संध्याकाळी. ते म्हणजे तुमचंच..."

"माझं राहू द्या, तुमचं बोला!" मी म्हटलं. लोक हसले. हसले की मला चेव चढतो. "थोडासाच म्हणे! प्यायलेला माणूसही थोडीशीच म्हणतो. बंद करा म्हणजे बंद करा. तो डबा बोलायला लागला की पोरं मुकी होतात. आईबापांनी दोन शब्द बोलावेत ना मुलांशी, त्याला काय धाड भरलीये?"

आणखी हसले. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं पुन्हा एकदा तोंड उघडलं, पण मी तोवर पुढच्या आईकडे वळले होते. शेवटी जाताना माझ्यापाशी येऊन एवढंच म्हणाला, "बंद करतो, ताई." मला बरं वाटलं. एका माणसाला वळण लावलं, असं वाटलं.

त्यानंतर काही आठवडे गेले. ठकीत फरक पडला, पण भलताच. पूर्वी निदान ओठ हलायचे, तेही बंद झालं. मी काही विचारलं की खाली बघायची. मी मनात म्हटलं, सवय तुटतेय, चिडचिड होणारच.

परवा शाळा सुटल्यावर पोरं गेली, मावशी टेबलं पुसत होत्या आणि मी गोंद वाळलेले ब्रश भिजत घालत होते. फ्रिजवाला ठकीला घेऊन दारातच उभा राहिला. ठकीला त्यानं बाहेर घसरगुंडीवर पाठवलं आणि आत आला. हातात फोन, पण लपवल्यासारखा धरलेला.

"ताई, रागावणार नसाल तर एक विचारायचं होतं."

"रागावायला काय झालंय मला?" मी म्हटलं. रागावूनच म्हटलं.

"ठकी घरी बोलायची. म्हणजे फार नाही, पण बोलायची. आता घरीही बोलत नाही. आईशीही नाही. बोट दाखवते फक्त."

हातातला ब्रश मी तसाच धरून राहिले. "बोलायची? कुणाशी?"

त्यानं फोन पुढे केला. ठकीच्या आईला दवाखान्यात बघता यावं म्हणून त्यानं पूर्वी कधीतरी चित्रीकरण केलं होतं. ठकी त्यांच्या घरात जमिनीवर मांडी घालून बसलेली, समोर डब्याला टेकवून दुसरा फोन ठेवलेला, आणि त्या फोनमध्ये मी. बिनचष्म्याची, मान कलती, मधाळ.

"माझ्या डब्यात काय आहे बरं? ओळख पाहू!" मी विचारत होते.

आणि मग मी थांबले होते. फोनमधली मी हसत थांबून होते आणि ठकीचे ओठ हलायला लागले होते. तेच हलणं. वर्षभर रोज माझ्या नाकासमोर झालेलं. ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. मी इथे वर्गात उभी राहून घायकुतीला आले, माझ्या तोंडात "चमचा" येऊन बसला. आणि ठकी म्हणाली, "च... चमचा. मोठा चमचा."

"शाब्बास!" फोनमधली मी म्हणाले. "अगदी बरोबर! आता तू सांग. तुझ्या घरी कोण कोण आहे?"

पुन्हा ती थांबलेली मी. पुन्हा ते ओठ. "बाबा. आई." बराच वेळ काही नाही. "आणि... आणि खूप फ्रिज."

चित्रीकरणात बाप खो खो हसला, फोन हलला, आणि ठकीही हसली. तिच्या हसण्याला आवाज आहे हे मला माहीतच नव्हतं. इतका मोठा, की मावशी टेबल पुसायच्या थांबल्या.

"रोज संध्याकाळी हेच लावायची," फ्रिजवाला सांगत होता. "तुमचे सगळे पाठ झालेत तिला. तुम्ही म्हणालात म्हणून बंद केलं. मग हट्ट करायला लागली, रडायला लागली. तेव्हा माझं चुकलं, ताई. तिला गप्प करायला मी म्हटलं, ती ताई तुझ्यावर रागावलीये. आता तुझ्याशी बोलणार नाही म्हणाली." तो स्वतःच्याच बुटांकडे बघत होता. "तेव्हापासून हे असं. परवा न राहवून परत लावून बघितला. तुमचा आवाज आला तशी तिनं फोन पालथा घातला आणि तोंडावर हात दाबून धरला."

आणि अशा वेळीही माझी जीभ कुठे धावली बघा. "मग बैठकीत का नाही सांगितलंत हे? तोंड होतं ना तुम्हाला?"

तो एकदम काही बोलला नाही. त्यालाही जुळवाजुळव करायला वेळ लागतो, लेकीसारखाच. मग म्हणाला, "सांगत होतो, ताई."

मला ती बैठक आठवली. ते तुमचंच, एवढं म्हणाला होता तो. माझं राहू द्या, असं मी म्हटलं होतं, आणि लोक हसले होते. धरणीनं पोटात घ्यावं असं लोक म्हणतात ना, त्याचा अर्थ मला त्या ओल्या टेबलांच्या खोलीत कळला. मावशी समोर होत्या. त्यांनी बैठकीतही चहा वाटत सगळं ऐकलं होतं. त्या फडकं पिळायला बाहेर गेल्या, आणि तेही मला झोंबलं.

"माझं चुकलं," मी म्हटलं. माझा तो प्रसिद्ध आवाज कुठे गेला कोण जाणे, मलाच नीट ऐकू आलं नाही.

"छे छे, ताई, तुमचं कसलं!" तो बिचारा घाबरलाच. "तुमच्यामुळेच तर बोलायला लागली होती. मी फक्त विचारायला आलो, परत लावू का म्हणून. तुम्ही हो म्हणालात तरच."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. परवानगी मागत होता तो. माझ्याकडेच, माझेच व्हिडिओ लावायची.

घरी आले तेव्हा नवरा छापखान्यातून येऊन पाय पसरून बसला होता. पुढच्या व्हिडिओसाठी टेबल त्यानं आवरून ठेवलं होतं. मी म्हटलं, आज नाही, आणि सगळं सांगितलं. बैठकीतला विनोदसुद्धा सांगितला, जसाच्या तसा. तो आता विनोद राहिला नव्हता.

"अहो, खरं सांगा. मी वर्गात थांबत नाही का हो? पोरांना बोलूच देत नाही का? तसं नाही, थांबते मी कधीकधी, पण पोरं इतकी असतात, आणि एकेकासाठी थांबत बसलं तर..."

त्यानं मूठ वर केली.

मी गप्प झाले. तो थट्टा करत नव्हता, हसतही नव्हता. मी त्या मुठीकडे बघत बसले, आणि त्या शांततेत मला माझं सगळं वर्ष ऐकू यायला लागलं. चमचा शाब्बास, बूट शाब्बास, लाल शाब्बास. सगळी उत्तरं माझी आणि सगळ्या शाब्बासक्याही माझ्याच. फोनमध्ये मी जगभरच्या आईबापांना सांगत होते की थांबा, मुलाला वेळ द्या, आणि ते करायला मला नवऱ्याची मूठ लागत होती. कुणी बघत असलं तरच मला धीर होता. लाज वाटली. इतकी, की नवऱ्याच्या तोंडाकडेही बघवेना. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याचीही किती वाक्यं अशीच गिळली असतील मी, ते विचारायची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना म्हटलं, सगळ्यांना अंगणात न्या, ठकी राहू दे. मावशींनी मान हलवली. खोली एकदम रिकामी झाली. खुर्च्या, वाळत घातलेली चित्रं, आणि सतरंजीवर ठकी. मी तिच्यासमोर बसले. गुडघे कटकन वाजले. घरून तोच डबा आणला होता. चष्मा काढावा असं एकदा मनात आलं. तिनं ओळखलं असतं कदाचित. पण मला ते नाटक वाटलं, आणि नाटकं खूप झाली होती.

"ठके," मी म्हटलं, "माझ्या डब्यात काय आहे बरं?"

आणि स्वतःची मूठ पाठीमागे घट्ट मिटली.

ठकी सतरंजीकडे बघत होती. काही नाही. बाहेर कुणीतरी कुणालातरी ढकललं, भोकाड पसरलं गेलं, आणि माझं अर्धं अंग उठून तिकडे निघालं. बसवलं त्याला. नाकाला खाज सुटली. चमचा, चमचा, चमचा, माझ्या दातांमागे नुसता थयथयाट चालला होता. सांगून टाकावं, शाब्बास म्हणावं, उठावं. रोज असंच तर करत आले होते. तेवढ्यात ठकीनं डोळे वर केले आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला तिचं बघणं कळलं. ती माझी वाट बघत होती. नेहमीसारखं मी सांगेन आणि तिची सुटका होईल, म्हणून.

मी नाही सांगितलं. नखं तळव्यात रुतली.

मग तिचे ओठ हलले. मिटले. पुन्हा हलले. मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते. हात तोंडाकडे गेला तिचा, अर्ध्यावर थांबला, परत मांडीवर आला.

"ती... ती ताई," ठकी म्हणाली.

आवाज घोगरा होता, वापरात नसल्यासारखा. माझ्या घशाशी "हां बाळा, बोल" आलं, ते मी गिळलं. डब्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, मोठ्या माणसाला खरीखुरी अडचण विचारावी तशी.

"ती मोबाईलमधली ताई... माझ्यावर रागावली का?"

कितीदा तरी मी पोरांच्या आधी उत्तरं देऊन बसले, आणि आता माझ्यापाशी उत्तर नव्हतं. नाही गं, असं कोण म्हणणार होतं? कुठली ताई? डोळे इतके भरून आले की काचा धुरकटल्या. मी चष्मा काढला, पदरानं पुसायला म्हणून, आणि ठकीचा चेहरा समोर नुसता पुसट डाग झाला. तिनं मला ओळखलं की नाही, ते मला दिसलंच नाही. तोंड उघडलं मी. ओठ हलले, शब्द फुटेना.

ठकीनं घाई केली नाही. मी उत्तर देईपर्यंत ती तशीच, समोर बसून राहिली.